हजेरीपटावरचा मारवा

सिनेमा संपला, दिवे लागले, माणसं दाराकडे सरकली, तरी बाबा खुर्चीतच बसून होते. 2022 चा एप्रिल. रत्नागिरीत आंब्याच्या पेट्या भरायची घाई, रस्त्याला टेम्पोंची रांग, आणि आम्ही बापलेक भर दुपारी ‘मी वसंतराव’ बघायला आलो होतो. त्यांचे गुडघे धरले असतील म्हणून मी हात पुढे केला. हात न धरताच त्यांनी विचारलं, “त्याला रजा कशी मिळत असेल रे?”

घरी येईपर्यंत ते दुसरं काही बोलले नाहीत. गाण्याबद्दल नाही, नटांबद्दल नाही. रात्री पानावर बसल्यावर पुन्हा तोच विषय निघाला. अर्जित रजा किती साठत असेल, बदलीच्या गावी पहिल्या वर्षी साहेबापुढे रजेचा अर्ज ठेवायला जीव धजत नाही, आणि हिशेबाचं खातं म्हटल्यावर मार्चअखेर तर मान वर करायची सोय नाही. बाबांनी 36 वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केली आणि त्यातली बहुतेक वर्षं आमच्या गावच्या उत्सवात संगीत नाटकात पदं म्हटली. वसंतराव देशपांड्यांच्या आयुष्यावरच्या तीन तासांच्या सिनेमात त्यांना सगळ्यात आधी दिसला तो नोकरीत अडकलेला माणूस.

मला तोवर तो दिसला नव्हता. मी गवई बघत होतो. त्या प्रश्नानंतर मी सिनेमा पुन्हा पाहिला, वसंतरावांची ध्वनिमुद्रणं काढून बसलो, आणि या जिल्ह्यात गाणं कोणी सांभाळलं हे जरा नीट शोधू लागलो. हा लेख त्यातून आला.

वसंतराव देशपांडे जन्मले 2 मे 1920 रोजी, वऱ्हाडातल्या मूर्तिजापूरला. आई सासरचं भरलेलं घर सोडून, मुलाला घेऊन नागपूरला आली आणि तिने एकटीने त्याला वाढवलं. सिनेमात ही आई अनिता दाते यांनी उभी केली आहे. मुलाचा गळा तिने ओळखला आणि त्याला नागपूरच्या शंकरराव सप्र्यांकडे गाणं शिकायला बसवलं. 1935 मध्ये भालजी पेंढारकरांच्या ‘कालियामर्दन’मध्ये हा मुलगा कृष्ण झाला. पुढे मामाबरोबर लाहोरला गेला आणि तिथे असद अली खाँ नावाच्या फकिरी वृत्तीच्या गवयाकडे मारवा शिकला. एवढी सुरुवात ज्याची झाली तो विशीत नावाजलेला गवई व्हायला हवा होता. त्याच्या आगेमागे जन्मलेले दोघे पाहा. कुमार गंधर्व 1924 चे, ते अकराव्या वर्षी मुंबईत गाजले होते. भीमसेन जोशी 1922 चे, ते घर सोडून गाण्यामागे गेले आणि गाण्यातच राहिले. वसंतराव मात्र पुण्याला लष्करी हिशेब खात्यात चिकटले आणि वीसहून अधिक वर्षं तिथे राहिले. मध्ये ईशान्य सीमेवर बदली झाली. आई होती, संसार होता, दर महिन्याचा पगार लागत होता.

‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकाचा पहिला प्रयोग 24 डिसेंबर 1967 रोजी झाला. खाँसाहेब आफताब हुसेन म्हणून वसंतराव उभे राहिले तेव्हा ते 47 वर्षांचे होते. 30 जुलै 1983 रोजी ते गेले. म्हणजे महाराष्ट्राला डोक्यावर घेण्यासाठी हा माणूस मिळाला तो जेमतेम 16 वर्षं. बाकीचा काळ कचेरी, रात्रीच्या मैफली आणि दुसऱ्या दिवशीची हजेरी यांत गेला.

गायकावरचे सिनेमे आपल्याला नवे नाहीत. 1952 च्या ‘बैजू बावरा’त दरबारात जुगलबंदी रंगते, पडद्यामागून अमीर खाँ आणि द. वि. पलुस्कर गातात आणि संगमरवर विरघळतो. 1980 च्या तेलुगू ‘शंकराभरणम’मध्ये के. विश्वनाथांनी एका कर्मठ गवयाचं वैभव आणि त्याची उतरण दाखवली. आपल्याकडे 2011 मध्ये रवी जाधव यांचा ‘बालगंधर्व’ आला, तो वैभवाचा आणि कर्जाचा सिनेमा. नितीन देसाईंनी उभे केलेले शालू-अत्तरांचे दिवस, सुबोध भावे यांची नजर, आनंद भाटे यांचा आवाज. त्यात नारायणराव पहिल्या रीळापासून बालगंधर्व आहेत. ते कोण आहेत हे त्यांनाही ठाऊक आहे आणि प्रेक्षकालाही. पेच आहे तो एवढं सगळं टिकणार कसं याचा.

‘मी वसंतराव’मधला पेच निराळा आहे. या माणसाला आपण कोण आहोत हे कळायलाच अर्धं आयुष्य लागतं. निपुण धर्माधिकारी यांनी सिनेमा दिग्दर्शित केला आणि तो तयार व्हायला वर्षानुवर्षं लागली. वसंतरावांची भूमिका त्यांच्या नातवाने, राहुल देशपांडे यांनी केली, संगीतही त्यांचंच. आजोबा गेले तेव्हा राहुल चार वर्षांचेही नव्हते. म्हणजे हा मुलगा आजोबांकडे बसून शिकलेला नाही. तो गंगाधरबुवा पिंपळखरे, मुकुल शिवपुत्र अशांकडे शिकला आणि आजोबा त्याला भेटले ते ध्वनिफितींतून. त्यामुळे पडद्यावर वसंतरावांची नक्कल दिसत नाही. शोध दिसतो. गाता गाता एखाद्या वळणावर राहुल थांबतात आणि मग अनपेक्षित बाजूने समेवर येतात तेव्हा आजोबांची तान ते कुठून ऐकत असतील असा विचार माझ्या मनात येतो. या सिनेमातल्या गायनासाठी त्यांना 68 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत उत्कृष्ट पार्श्वगायकाचा सन्मान मिळाला. गवयांवरच्या तीन मराठी सिनेमांनी हा सन्मान मराठी गळ्यांना मिळवून दिला आहे: ‘बालगंधर्व’साठी आनंद भाटे, ‘कट्यार’साठी महेश काळे आणि मग राहुल.

एक तक्रार मात्र नोंदवतो. नोकरी सोडण्याचा निर्णय झाला की सिनेमा घाई करतो. पगाराची तारीख उलटून जाते आणि पाकीट येत नाही, त्या पहिल्या महिन्याची भीती मला आणखी बघायला हवी होती. बाबांनाही. “सोडली म्हणजे काय? पेन्शन?” हा त्यांचा दुसरा प्रश्न होता.

आता रत्नागिरीकडे येतो.

या जिल्ह्यात गाणं आहे ते जवळजवळ सगळं नोकरी-धंदा करणाऱ्यांच्या गळ्यात आहे. दरबार नव्हता, मोठे संस्थानिक नव्हते. परका राजा एकच, ब्रह्मदेशाचा थिबा, आणि तोही कैदी. 1885 मध्ये त्याला राज्यावरून काढलं आणि 1916 मध्ये तो इथेच वारला. त्याच्या राजवाड्याच्या आवारात आर्ट सर्कल या संस्थेचा संगीत महोत्सव भरतो. थंडीच्या रात्री माडांच्या पलीकडून समुद्राचा ओला वारा येतो आणि तंबोरे पुन्हा पुन्हा मिळवावे लागतात. बाहेरगावचे मोठे कलावंत येतात, गातात आणि जातात. इथे राहतं ते वर्षभरातलं बाकीचं गाणं. देवळातली भजनं, गणपतीतल्या आरत्या, शिमग्यातली नमनं, जाखडीचे फेर. आणि संगीत नाटक.

कोकणातल्या उत्सवाच्या नाटकाबद्दल घाटावरच्या वाचकाला थोडं सांगायला हवं. ग्रामदेवतेचा किंवा कुलस्वामीचा उत्सव चार-पाच दिवस चालतो. पालखी, कीर्तन, महाप्रसाद, आणि एका रात्री नाटक. पूर्वी ते संगीतच असायचं. ‘सौभद्र’, ‘शारदा’, ‘मानापमान’, ‘संशयकल्लोळ’. नट गावातलेच. आमच्या गावात मास्तर होते, पोस्टातले होते, कलमांचे बागायतदार होते, आणि मुंबईहून दोन दिवसांची सुटी काढून येणारे चाकरमानी होते. चाकरमान्यांची तालीम पत्रांवर व्हायची. इकडून पदांची यादी जायची, तिकडून कुठलं पद कापायचं याची विनंती यायची, आणि सगळे एकत्र उभे राहायचे ते थेट रंगीत तालमीला. पेट्रोमॅक्सचे दिवस मी पाहिले नाहीत, पण सभामंडपाच्या खांबाला बांधलेला पडदा, चुन्याने रंगवलेली झाडं आणि ऑर्गन उचलून आणताना चार माणसांची उडालेली तारांबळ मला आठवते. ऑर्गनचा भाता फाटला की गावात दुरुस्ती नाही. मग पायपेटीवर निभावून न्यायचं. पट्टी ठरायची ती नटाच्या गळ्यावरून, आणि त्या वर्षी त्याला सर्दी असेल तर अर्धा स्वर खाली.

बाबा काळी एकमध्ये गायचे. आवाज फार मोठा नव्हता. पण शब्द स्वच्छ लागायचा आणि ताल कधी सुटला नाही. गावातले जुने लोक अजून तेवढंच सांगतात, की त्यांचं पद शेवटच्या बाकापर्यंत कळायचं.

संगीत रंगभूमीचा इतिहास लिहिणारे पुणे, मुंबई, सांगली आणि गोवा या चार ठिकाणी थांबतात. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ उभं राहिलं तिथून सुरुवात, आणि पुढे बालगंधर्व, केशवराव भोसले, दीनानाथ. रत्नागिरीचं नाव त्यात एका वाक्यापुरतं येतं. ते वाक्य मात्र वसंतरावांच्या गाण्याशी जोडलेलं आहे, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

1924 मध्ये स्वातंत्र्यवीर सावरकरांना रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध केलं. 1937 पर्यंत ते इथे होते. राजकारणाला बंदी, जिल्ह्याबाहेर जायला बंदी. त्या तेरा वर्षांत त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध काम केलं, 1931 मध्ये भागोजीशेठ कीरांच्या पैशांतून पतितपावन मंदिर उभं राहिलं, आणि याच गावात त्यांनी संगीत नाटकं लिहिली. ‘उःशाप’, ‘संन्यस्त खड्ग’, ‘उत्तरक्रिया’. यातलं ‘संन्यस्त खड्ग’ 1931 मध्ये बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणलं. बळवंत म्हणजे दीनानाथ मंगेशकर आणि चिंतामणराव कोल्हटकर यांची मंडळी, 1918 मध्ये निघालेली. लेखकाला जिल्ह्याची हद्द ओलांडायची परवानगी नव्हती. त्याचं नाटक हद्द ओलांडून गावोगाव गेलं.

नाटकाच्या चाली रामकृष्णबुवा वझ्यांच्या. वझेबुवा मूळचे सावंतवाडी संस्थानातले, म्हणजे आपल्याच लाल मातीतले. गाणं शिकण्यासाठी लहानपणी घराबाहेर पडून उत्तरेपर्यंत पायपीट केलेला हा माणूस. त्यांची तालीम दीनानाथांना मिळाली. दीनानाथांच्या गळ्यात ती आक्रमक, वळणावळणाची तान त्यांच्या स्वतःच्या तेजाने झळाळून आली. आणि नागपुरात, नाटक मंडळीच्या मुक्कामात, ती तान एका लहान मुलाने ऐकली. वसंतरावांनी दीनानाथांना जन्मभर आदर्श मानलं. सिनेमात अमेय वाघ यांचे दीनानाथ थोडाच वेळ दिसतात, पण पुढच्या सगळ्या गाण्यावर त्यांची सावली आहे. पुढे वसंतरावही वझेबुवांकडे शिकले.

सावंतवाडीहून निघालेली एक चाल, रत्नागिरीत लिहिलेलं एक नाटक, मंगेशीचा एक गळा, नागपूरचं एक पोर. नकाशावर या रेषा ओढून पाहिल्या की वसंतरावांना घराणं नाही म्हणणाऱ्यांचं आश्चर्य वाटतं. त्यांच्या काळात ते म्हटलं जायचं, मोठ्या तोंडांनी म्हटलं जायचं. किराणा नाही, ग्वाल्हेर पुरतं नाही, भेंडीबाजारचे अमान अली खाँ थोडे, किराण्याचे सुरेशबाबू माने थोडे, मग हे आहे तरी काय? आपलं घराणं आपल्यापासून सुरू होतं, अशा अर्थाचं त्यांचं उत्तर आजही सांगितलं जातं. मला त्या उत्तरात अहंकार ऐकू येत नाही. ज्याला एका गुरूपाशी दहा वर्षं बसायची चैन मिळाली नाही त्याने जिथून मिळेल तिथून वेचलं आणि स्वतःच्या गळ्यात एकत्र केलं. नोकरदार दुसरं काय करणार? संध्याकाळी सहानंतर जो गुरू भेटेल तो आपला.

रत्नागिरी आणि वसंतराव यांना जोडणारा दुसरा धागा अधिक घरगुती आहे. 12 जून 1946 रोजी रत्नागिरीत एक लग्न झालं. मुलगी रत्नागिरीच्या ठाकूर वकिलांची, बेचाळीसच्या चळवळीत उतरलेली. मुलगा पार्ल्याचा. मंगलाष्टकं नाहीत, बँड नाही, नोंदणी पद्धतीचं साधं लग्न. सुनीताबाई आणि पु. ल. देशपांडे. रत्नागिरीकर पुलंना जावई म्हणतात तो हक्क तिथला आहे. ‘आहे मनोहर तरी’मध्ये सुनीताबाईंनी त्या दिवसाबद्दल लिहिलं आहे ते वाचताना रत्नागिरीचा पहिला पाऊस पत्र्यावर वाजल्याचा भास होतो.

‘मी वसंतराव’मध्ये पुष्कराज चिरपुटकर यांनी पुल साकारले आहेत, आणि सिनेमातली सगळ्यात गोड जागा त्या मैत्रीची आहे. पुल पेटीवर बसलेले, वसंतराव गात आहेत किंवा तबल्यावर हात ठेवून बसले आहेत, असं दृश्य ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलं ते भाग्यवान. पुलंनी या मित्राला कचेरीतून बाहेर पड म्हणून किती समजावलं हे सिनेमा हसत-खेळत सांगतो. सुरुवातीच्या काळात गवयाला श्रोत्यापेक्षाही मित्र जास्त लागतो असं मला हल्ली वाटतं. रात्री दोन वाजता ऐकणारा आणि सकाळी, ‘काल तू जे गायलास ते कोणी गात नाही,’ असं तोंडावर सांगणारा. आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी गळ्यांना तो मित्र मिळाला नाही. बाबांना मिळाला होता, तो तबलजी होता आणि एस. टी.त चालक होता. त्याची बदली चिपळूणला झाली त्या वर्षी बाबांनी नाटकात गद्य भूमिका घेतली.

कोकणातल्या साथीदारांची आठवण निघालीच आहे तर गोविंदराव पटवर्धनांचं नाव घ्यायला हवं. गुहागर तालुक्यातल्या अडूरचा हा माणूस मुंबईत गेला आणि संगीत नाटकाची पेटी म्हणजे गोविंदराव असं समीकरण झालं. नट काय घेणार हे नटाच्या आधी त्यांच्या बोटांना कळायचं म्हणतात. त्यांच्या साथीची ध्वनिमुद्रणं ऐकताना मी एकच गोष्ट बघत असतो, की गायक श्वास घेतो तेव्हा ते काय करतात. फार थोडं करतात. एक स्वर धरून ठेवतात, बस.

आणि मारवा. सिनेमात कुमुद मिश्रा यांचे असद अली लाहोरला आलेल्या वसंतरावांना काही महिने फक्त मारवा देतात. दुसरा राग नाही. मग सांगतात, आता जा, तुला गाणं आलं. ही गोष्ट वसंतरावांच्या चरित्रात फार प्रसिद्ध आहे. मारवा हा संधिप्रकाशाचा राग. पंचम वर्ज्य. रिषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि षड्जावर टेकायचं नाही. तंबोरा षड्ज सांगतो आहे, घर तिथेच समोर आहे, आणि गवई रिषभ-धैवतावर फिरत राहतो. घरी परतायचा तो अगदी शेवटी, क्षणभर. एवढ्या लहान वयात ज्याला हा राग मिळाला त्याला न टेकता चालत राहायची सवयच लागली असणार. पुढची वीस-बावीस वर्षं तो तसाच तर चालला.

मी मांडवीच्या धक्क्यावर बसून वसंतरावांचा मारवा ऐकला. पूर्वी मुंबईची बोट यायची ती या किनाऱ्याला. पावसाळ्यात बोट बंद, आणि रेल्वे तर कोकणात पूर्णपणे धावायला लागली 1998 मध्ये. गाणं ऐकायला मुंबई-पुण्याला जाणं म्हणजे आंबा घाट किंवा ती बोट. सूर्य मावळतीकडे उतरत होता. रत्नदुर्गावरचा दीपस्तंभ अजून लागला नव्हता. मोबाइलच्या छोट्या कर्ण्यातूनही ती तान कळते. ती पायरी-पायरीने चढत नाही, मध्येच एक पायरी गाळते, ऐकणाऱ्याचा पाय क्षणभर अधांतरी राहतो, आणि समेला सगळं ठाकठीक. शेजारी गळ टाकून बसलेल्या माणसाने आवाज मोठा करायला सांगितलं. तो शेवटपर्यंत बसला होता आणि मासा काही लागला नाही.

‘कट्यार’चा सिनेमा इथे आला तो 2015 च्या दिवाळीत, 12 नोव्हेंबरला. तेव्हा मी गावातल्या थिएटरमध्ये दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा आजूबाजूला संगीत नाटक कधीच न पाहिलेली मुलं होती. सुबोध भावे यांचं ते पहिलं दिग्दर्शन. शंकर महादेवन पंडित भानुशंकर, सचिन पिळगांवकर खाँसाहेब, त्यांना आवाज राहुल देशपांड्यांचा. सदाशिव झालेल्या सुबोधना महेश काळे यांचा आवाज, आणि ते जितेंद्र अभिषेकींचे शिष्य. म्हणजे 1967 च्या नाटकाचे संगीतकार आणि त्याचे नायक, दोघांचाही वारसा त्या पडद्यावर होता. शंकर-एहसान-लॉय यांनी नवी गाणी बांधली आणि अभिषेकींच्या जुन्या चालींना धक्का लावला नाही. हे मोठं काम आहे. कट्यारीला स्वतःला बोलतं केलं आणि तो आवाज रिमा यांचा घेतला, हीसुद्धा चांगली कल्पना. महालांची झगमग मला जास्त वाटली. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं मूळ नाटक अधिक उघडंवाघडं होतं आणि म्हणून त्यातली विद्येची भूक जास्त जाळायची असं बाबा सांगतात. त्यांनी ते दादरला पाहिलं होतं, खुद्द वसंतरावांचं, कचेरीच्या कामासाठी मुंबईला गेले असताना.

त्या नाटकाच्या गाभ्यात एक पोरगा आहे, सदाशिव. त्याला शिकायचं आहे आणि गुरू शिकवायला तयार नाही. मग तो घरात चाकर म्हणून राहतो आणि भिंतीआडून गाणं उचलतो. घराण्याची विद्या बंद पेटीत ठेवणारा उस्ताद आणि ती चोरून घेणारा शिष्य. वसंतराव आयुष्यभर दुसऱ्या बाजूला उभं राहून शिकले होते, वेचून, जमेल तसं. आणि रंगमंचावर ते उस्तादाची भूमिका करत होते. प्रयोग बघणाऱ्या बाबांना, त्यांच्याच शब्दांत, ‘खाँसाहेबाचा राग आला नाही, त्याची दया आली’. मला वाटतं वसंतरावांनी खाँसाहेबात ती दया घातली, कारण दाराबाहेरचं शिकणं काय असतं हे त्यांना ठाऊक होतं.

रत्नागिरीत भिंतीआडून शिकण्याची गरज आता तेवढी नाही. शिकवण्या आहेत, परीक्षा आहेत, आकाशवाणीचं केंद्र आहे, मोबाइलवर सगळं आहे. संगीत नाटक मात्र आजही माणसं एकत्र बसल्याशिवाय उभं राहत नाही. खल्वायन या संस्थेने या गावात ते काम अनेक वर्षं चालवलं आहे. नवी संगीत नाटकं लिहवून घेणं, ती राज्य स्पर्धेत उतरवणं, आणि नियमित संगीत सभा घेणं. स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृहात राज्य नाट्य स्पर्धेतली संगीत नाटकं रंगली आहेत. ज्याच्या नावाचं ते नाट्यगृह, त्यानेच याच गावात संगीत नाटक लिहिलं, हे तिथे बसलेल्या तरुण प्रेक्षकांपैकी किती जणांना माहीत असेल, असा प्रश्न मला पडतो. त्यांना ते सांगायला हवं.

अशा तालमीला जाऊन बसावं. कचेऱ्या, बँका, शाळा सुटल्या की एकेक जण येतो. कुणाच्या हातात डबा, कुणाच्या पाठीला लॅपटॉपची पिशवी. साडेसातला पेटी उघडते. पहिला अर्धा तास गळे दिवसभराच्या बोलण्याने बसलेले असतात, खर्ज लागत नाही, दोघींना मुलांचे फोन येतात. मग कधीतरी, साधारण पाऊण तासाने, नांदीच्या तिसऱ्या आवर्तनाला सगळ्यांचा स्वर एकाच जागी लागतो आणि खोलीतली हवा बदलते. पेटीवाला मान हलवतो. कोणी काही बोलत नाही. पुन्हा पहिल्यापासून घेतात. साडेदहाला उठावंच लागतं, सकाळी सगळ्यांना हजेरी आहे.

यांतला एखादा वसंतराव असेल का हे मी विचारत नाही. पण आपल्या समीक्षेत आणि सरकारी मदतीत ‘हौशी’ हा शब्द ज्या तोऱ्यात वापरला जातो तो मला टोचतो. वसंतराव 45 वर्षांचे होईपर्यंत, नोकरीच्या कागदांवरून बघितलं तर, हौशीच होते. ज्यांनी त्या काळात त्यांना बोलावलं, गादीवर बसवलं, वेळेवर जेवू घातलं आणि सकाळच्या गाडीला सोडलं, त्या लहान गावांतल्या मंडळांमुळे तो गळा 1967 पर्यंत गाता राहिला. तशी मंडळं आमच्या जिल्ह्यात आहेत. त्यांना एका चांगल्या ऑर्गनचे पैसे जमवायला तीन-तीन वर्षं लागतात.

यंदा गणपतीत माळ्यावरची ट्रंक उतरवली, ती समयांसाठी. त्यात बाबांच्या खिशातल्या डायऱ्या निघाल्या, 1966 पासूनच्या. किराणा, विम्याचे हप्ते, आईची औषधं. आणि दर वर्षी माघात, न चुकता, एकाच प्रकारची नोंद: ‘कि. र. 2. नाटक.’ वर्षाच्या किरकोळ रजांतल्या दोन त्यांनी उत्सवासाठी बाजूला ठेवलेल्या असायच्या. ताप आला तरी त्या खर्च करायच्या नाहीत. मी एकेक वर्ष बघत गेलो. 1974 ला मात्र वेगळं होतं. ‘कि. र. नामंजूर. रात्री प्रयोग. पहाटेची एस. टी. कचेरी 10-30, वेळेवर.’

त्याखाली, त्याच शाईत, लहान अक्षरांत: ‘चौथ्या पदाला वन्समोअर.’